चुंबकाची डबी उन्हाळ्यात टिकेल अशी कशी बनवायची: मराठवाड्यातल्या नव्या जिओकॅशर्ससाठी

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी मोबाईलवर जागा बघून शोधण्याचा खेळ. त्यातल्या चुंबकी डबीबद्दल, म्हणजे चुंबकाची चकती लावून लोखंडाला चिकटवलेल्या डबीबद्दल, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. चुंबक सहसा दगा देत नाही. दगा देतो तो चुंबक आणि डबी यांच्यामधला सांधा. शोधणारा डबी धरून ओढतो, डबी हातात येते आणि चकती कठड्याला तशीच चिकटून राहते. परदेशी व्हिडिओंमध्ये ग्लू गनने दोन मिनिटांत चकती चिकटवून दाखवतात. ते थंड मुलखात चालतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, उन्हातल्या लोखंडाला हात लाववत नाही. तिथे तो गोंद मऊ पडतो आणि डबी गळून पडते. म्हणून हा लेख आपल्या उन्हाचा हिशेब धरून लिहिला आहे.

खेळ नवा असेल तर थोडक्यात सांगतो. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही काही मीटरपर्यंत अचूक जागा कळू लागली. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. एकजण डबी लपवतो, बाकीचे मोबाईलवर शोधत येतात, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहितात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. ज्या डबीत १०० मिलिलिटरपेक्षा कमी मावतं तिला मायक्रो म्हणतात, १० मिलिलिटरच्या आतली ती नॅनो. चुंबक लागतं ते मुख्यतः या दोघींना.

आपल्या भागात चुंबकाचा उपयोग जास्त, कारण लपवायला दाट झाडी कुठे आहे? उघडा माळ, बाभळी आणि मधूनच एखादं पत्र्याचं शेड. लोखंड मात्र जागोजागी आहे.

काय काय लागेल

- निओडिमियम चुंबकाच्या चकत्या, साधारण १० ते १२ मिमी व्यासाच्या आणि किमान ३ मिमी जाडीच्या
- घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी डबी
- दोन नळ्यांचं अराल्डाइट (पाच मिनिटांत सुकणारं नको, साधं घ्या) किंवा एम-सील
- पॉलिश पेपर, ८० किंवा १०० नंबरचा
- स्पिरिट आणि स्वच्छ सुती फडकं
- सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा
- दुधाची रिकामी पिशवी, धुऊन वाळवलेली (कशाला, ते पुढे येतंच)
- कागदाची पट्टी, छोटी झिप पिशवी, पेन्सिलीचा तुकडा
- जागामालकाची लेखी परवानगी, किंवा निदान त्याचं नाव, नंबर आणि व्हॉट्सॲपवरचा होकार
- जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरचं खातं. साधं खातं फुकट मिळतं

१. आधी जागा, मग डबी

बहुतेक जण उलटं करतात. डबी बनवतात आणि मग ती कुठे चिकटते ते बघत फिरतात. आधी जागा ठरवा, कारण लोखंड कोणतं आहे, आडवं आहे की उभं, ऊन किती वेळ लागतं, यावर चुंबक आणि डबी दोन्ही ठरतात.

काही जागा मनातूनच काढून टाका. विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मरची डीपी कधीच नाही. डबी सापडेलही, पण शोधणारा जिवाला मुकेल. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. जायकवाडीसारख्या धरणाच्या भिंती आणि दरवाजे, पोलीस ठाणी, शाळांची आवारं हेही नको. अजिंठा, वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा इथे पर्यटक भरपूर येतात, म्हणून मोह होतो. पण संरक्षित वास्तूच्या कुठल्याही भागाला काही चिकटवायचं नाही, मग ते तिकीटघराचं लोखंडी गेट असलं तरी. नळदुर्ग, परांडा, कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांनाही तेच लागू. पर्यटक तिथे जाणारच असतात. वाटेवरच्या एखाद्या ढाब्याच्या आवारात, मालकाला विचारून डबी ठेवा. त्यात तुमचं काम होतं आणि चार माणसं तिथे चहाला थांबतात.

बसस्थानक मला स्वतःला पटत नाही. तिथे दिवसभर बेवारस वस्तूंना हात लावू नका म्हणून सांगत असतात. अशा ठिकाणी बाकाखाली हात घालून चाचपडणारा माणूस लोकांना चोर वाटतो, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी.

चांगल्या जागा म्हणजे ओळखीच्या शेताचं लोखंडी फाटक, ढाब्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या फलकाचा सांगाडा, बागेतला बाक. गावात ठेवणार असाल तर सरपंचांच्या किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घाला. पाच मिनिटांचं बोलणं असतं. “काका, हा खेळ आहे, आत फक्त कागद आहे, बाहेरगावची माणसं येतील शोधायला,” एवढं सांगितलं आणि डबी उघडून दाखवली की कुणी अडवत नाही. उलट परका माणूस फाटकापाशी घुटमळताना दिसला तर गावातलेच त्याला सांभाळून घेतात.

लपवलेल्या डबीला या खेळात कॅश म्हणतात. दुसऱ्या कॅशपासून तुमची कॅश किमान १६१ मीटर दूर हवी. आपल्याकडे कॅश विरळ आहेत, तरी नकाशावर एकदा बघून घ्या.

२. लोखंड पारखून घ्या

खिशात एक चकती ठेवा आणि जागेवर लावून बघा. चकाचक स्टीलच्या कठड्यांना चुंबक बहुधा चिकटत नाही, कारण ते ज्या प्रतीचं असतं ती जवळजवळ अचुंबकीय असते. अॅल्युमिनियमच्या चौकटींचं तेच. जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा आणि पाइप मात्र छान धरतात.

रंगाचे थर पाहा. वर्षानुवर्षं ऑइलपेंट मारलेल्या गेटवर थरावर थर चढलेले असतात आणि चुंबकाची ताकद अंतराने झपाट्याने घटते. लहान चकती आणि लोखंड यांच्यात एक मिलिमीटरची फट आली तरी पकड साधारण निम्म्यावर येते. पोपडे धरलेला रंग तर टाळाच. डबी रंगाला चिकटून राहते आणि रंगच गेटवरून सुटतो.

काळ्या पाषाणाबद्दल विचारणारे भेटतात. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या दगडात, मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं, त्यामुळे दोरीला टांगलेली जोरदार चकती काही दगडांकडे किंचित ओढली जाते. डबी धरून ठेवण्याइतका तो जोर नाही. त्याचा त्रास मात्र होतो: ओढ्याच्या वाळूत चुंबक पडलं की काळ्या बारीक कणांची दाढी उगवते आणि मग ते लोखंडावर सपाट बसतच नाही. असे कण चिकटपट्टी दाबून काढा, नखाने निघत नाहीत.

३. चुंबक: जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं असं नाही

निओडिमियम चुंबकांवर एन ३५, एन ४२, एन ५२ अशी प्रत लिहिलेली असते. आकडा मोठा तेवढी ताकद जास्त. दुकानदार एन ५२ पुढे करतो आणि नवा माणूस खूश होऊन घेतो. आपल्या भागासाठी ती खरेदी चुकीची आहे.

साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं असं धरतात. त्यावर गेलं की ताकद कायमची कमी व्हायला लागते. चकती जितकी पातळ, तितकी ही मर्यादा खाली येते, आणि एन ५२ ची पातळ चकती त्याच्या बरीच आधी मंदावते. आता दुपारी तीनला पश्चिमेच्या उन्हात तापलेला काळा पत्रा डोळ्यांसमोर आणा. ६०-७० अंश तिथे नवलाचे नाहीत. म्हणून एन ३५ किंवा एन ४२ घ्या, पण जाड घ्या. प्रतीच्या आकड्यापुढे एच अक्षर असलेलं मिळालं तर उत्तम, ते १२० अंशांपर्यंत टिकतं.

१० मिमी व्यासाची, ३ मिमी जाड चकती सपाट जाड लोखंडावर सरळ ओढीला दीड-दोन किलो धरते. उभ्या लोखंडावर मात्र डबी खाली घसरू बघते आणि तिथे हा आकडा पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो. तरी भरलेली मायक्रो डबी वीस-तीस ग्रॅमची. दोन चकत्या पुरून उरतात. सहा-सहा लावणाऱ्यांची डबी लवकर तुटते, कारण ती काढायला शोधणाऱ्याला जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर सांध्यावर येतो.

ऑनलाइन मागवायचं नसेल तर भंगारच्या दुकानात जा आणि “भाऊ, बंद पडलेली हार्डडिस्क पायजे, आतल्या मॅग्नेटसाठी” असं सरळ सांगा. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडेही असतात. आतली चंद्रकोरीसारखी दोन चुंबकं लोखंडी पट्टीवर बसवलेली असतात. ती पट्टीसकट वापरा. उपसायला गेलात की वरचा निकेलचा चकचकीत थर टवकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात आतून गंजून भुगा होतो. जुन्या स्पीकरमधलं काळं गोल फेराइट चुंबक गंजत नाही, उन्हालाही दाद देत नाही, पण आकाराच्या मानाने कमजोर असतं. मोठ्या डब्याला चालेल.

घरात लहान मूल असेल तर हे काम उंचावर, दार लावून करा. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना धरतात, आतडं चिमटलं जातं, भोक पडतं आणि ऑपरेशनवर वेळ येते. कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्याजवळ ही चुंबकं नेऊच नका. तुटलेले तुकडे गायरानात किंवा उकिरड्यावर फेकू नका, जनावरं तोंड घालतात.

४. डबी निवडताना

डबीचं प्लास्टिक कोणतं, याकडे कुणी बघत नाही आणि निम्मी फजिती तिथेच होते. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन या दोन प्लास्टिकना कोणताच साधा गोंद नीट धरत नाही. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी, विरघळणाऱ्या गोळ्यांची नळी, बऱ्याच औषधांच्या डब्या याच जातीच्या. तळाशी त्रिकोणातल्या खुणेत २, ४ किंवा ५ आकडा असेल तर ती डबी याच घराण्यातली. १ आकडा म्हणजे पेट (पीईटी), पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. त्याला अराल्डाइट बऱ्यापैकी धरतं.

पेटची सर्वांत उत्तम डबी म्हणजे प्रीफॉर्म. पाण्याची बाटली फुगवण्याआधी ती जाड काचेच्या नळीसारखी दिसते, तोच हा तुकडा. बाटल्या बनवणारे छोटे कारखाने आता ठिकठिकाणी आहेत. विचारलं तर पाच-दहा नग सहज देतात. भिंत जाड, झाकण पाणी आत येऊ न देणारं, आणि पारदर्शक. हा शेवटचा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आत फक्त कागद आहे हे न उघडताच दिसतं.

चुन्याची डबी छान लपते, पण पाणी आत येतं आणि दिसली की कुणीतरी आपली समजून खिशात घालतं.

५. चिकटवणं

शक्य असेल तिथे चुंबक आतून बसवा. सपाट तळाच्या डबीत चकत्या आतल्या बाजूने तळाला ठेवल्या की ओढ तळाच्या प्लास्टिकवर येते, गोंदाने फक्त चकत्या जागेवर ठेवायच्या. मग गोंद सुटला तरी डबी लटकलेलीच राहते. प्लास्टिकच्या जाडीमुळे पकड कमी होते, म्हणून पातळ तळाची डबी घ्या आणि चकती एक आकार मोठी. पॉलिप्रोपिलिनच्या डबीला मला माहीत असलेला हा एकच भरवशाचा मार्ग.

चुंबक झाकणात कधीच बसवू नका. शोधणारा डबी फिरवतो, झाकण वर राहतं, डबी खाली पडते.

प्रीफॉर्मचा तळ गोल असतो, त्यामुळे चुंबक बाहेरून, लांबीच्या बाजूला लावावं लागतं. त्याची रीत अशी:

- डबीची ती बाजू पॉलिश पेपरने घासा, चकाकी पूर्ण जाऊन पांढुरकी होईपर्यंत. चकतीची एकच बाजू हलकी घासा, कडा सोडून. निकेल उडता कामा नये.
- दोन्ही स्पिरिटने पुसा आणि मग बोट लावू नका. हाताचं तेल सांध्याला मारतं.
- लोखंडी तवा किंवा कपाटाच्या दारावर दुधाची पिशवी पसरा. तिच्यावर दोन चकत्या दोन बोटं अंतरावर ठेवा, एकीचा उत्तर ध्रुव वर आणि दुसरीचा खाली, म्हणजे लोखंडावर दोघी मिळून जास्त धरतात. खालचं लोखंड त्यांना जागेवर पकडून ठेवतं, नाहीतर ओल्या गोंदातून त्या एकमेकींवर उडी मारतात. पिशवी पॉलिथिनची, म्हणून गोंद तिला चिकटत नाही.
- अराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतून सारखाच भाग घ्या आणि रेषा दिसेनाशा होईपर्यंत कालवा. एम-सील असेल तर दोन्ही भागांचा रंग एक होईपर्यंत मळा. कमी मळलेलं एम-सील वरून कडक, आतून मऊ राहतं.
- चकतीच्या डोक्यावर लावून डबी वरून टेकवा. बाजूने बाहेर आलेला गोंद पुसू नका. तो काडीने चकतीच्या कडेभोवती चढवा, वाटीसारखा. खरी पकड या वाटीची असते.
- पूर्ण एक दिवस हात लावू नका.

मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा डबीपेक्षा किंचित आखूड कापून, डबी आणि चकत्या दोन्हींवर मोज्यासारखा चढवा. पंक्चरवाल्या मामांकडे फाटलेल्या ट्यूबा पडलेल्याच असतात. रबराने तीन कामं होतात: गोंद सुटला तरी चकती जात नाही, उभ्या लोखंडावर डबी घसरत नाही, आणि निकेलची चमक झाकली जाते. रबराची जाडी पकड थोडी खाते, ती गृहीत धरा. दोन्ही टोकांना प्रीफॉर्म दिसत राहू द्या.

फेविक्विक नको. ते लगेच धरतं, पण झटका सोसत नाही. फोमची दुहेरी टेपही नको.

६. चिठ्ठी मराठीत

बाहेरून दिसेल अशी चिठ्ठी आत ठेवा: “हा जिओकॅशिंग या खेळाचा भाग आहे. आत फक्त कागद आहे, धोका नाही. कृपया इथेच राहू द्या.” खाली जागामालकाची परवानगी असल्याचं लिहा आणि संपर्काची एखादी सोय ठेवा. इंग्रजीतली तयार चिठ्ठी ज्याने वाचायला हवी त्याला वाचताच येत नाही.

७. घरी परीक्षा घ्या

गच्चीवरच्या लोखंडी पत्र्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या अँगलला डबी लावा आणि आठवडाभर उन्हात सोडा. शक्य झालं तर एप्रिल-मे मध्येच. भर दुपारी, लोखंड तापलेलं असताना ती वाकडी-तिकडी ओढून काढा, नवखा माणूस ओढेल तशी. मग आत कोरडा टिश्यू ठेवून बादलीत रात्रभर बुडवा. टिश्यू ओला निघाला तर झाकण बदला.

८. जागेवर लावणं आणि अक्षांश-रेखांश

आडव्या लोखंडाच्या खालच्या बाजूला लावा. तिथे चुंबकाला सरळ ओढ मिळते, ऊन लागत नाही आणि पावसाचं पाणी थेट येत नाही. आडवं लोखंड नसेल तर उत्तरेकडची बाजू बघा.

हात घालण्याआधी टॉर्च मारा. अशा कोपऱ्यांत गांधीलमाश्या पोळं करतात. कॅशच्या वर्णनातही हे लिहा.

मोबाईलने जागेची नोंद घेताना चुंबक दूर ठेवा. जीपीएसच्या आकड्यावर त्याचा परिणाम होत नाही, पण होकायंत्र बिघडतं आणि बाण भलतीकडे दाखवतो. तसं झालं तर मोबाईल हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा. पत्र्याखाली उभं राहून नोंद घेऊ नका, सिग्नल पत्र्यावरून उड्या मारून येतो. उघड्यावर, वेगवेगळ्या वेळी, चार-पाच वेळा नोंद घेऊन सरासरी काढा.

९. नोंदणी

संकेतस्थळावर जागेचे अक्षांश-रेखांश, शोधणं किती अवघड आणि वाट किती कठीण याचे १ ते ५ असे गुण, वर्णन आणि खुणेची ओळ (शोधणाऱ्याला मदत म्हणून दिलेली हिंट) हे भरायचं असतं. वर्णन मराठीत आणि इंग्रजीत लिहा. प्रसिद्ध होण्याआधी एक स्वयंसेवक रिव्ह्यूअर ते तपासतो. त्याला तुमचं गाव माहीत नसतं, म्हणून खाजगी टिपणात परवानगी कुणी दिली, डबी कशाला चिकटवली आहे आणि जवळ काय आहे, हे आपणहून सांगा. फोटो जोडा. त्याने मागायची वाट बघितली की तिथेच आठवडे जातात.

खुणेच्या ओळीत चुंबक असल्याचं सांगून टाका, आणि “ओढू नका, बाजूला सरकवून काढा” हेही. सरकवलं की चुंबक सहज सुटतं आणि सांध्यावर ताण येत नाही.

१०. देखभाल

वर्षातून दोनदा तरी जाऊन या: फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढण्याआधी आणि दसऱ्याच्या सुमाराला पाऊस सरल्यावर. ओला कागद बदला, ट्यूब चिरली असेल तर नवी चढवा, चकतीवर तांबूस डाग दिसला तर ती चकती टाकून दुसरी बसवा. मालक बदलला किंवा फाटक बदललं तर नव्याने विचारा. नोकरीसाठी पुण्याला निघालात तर जवळच्या कुणाकडे ही कॅश सोपवा. ते जमत नसेल तर डबी काढून आणा, लोखंडावर राहिलेला रबराचा डाग पुसा, मालकाला कळवा आणि संकेतस्थळावर कॅश त्याच दिवशी बंद करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती जागा वापरता येईल.